गुरुत्वमापनाने गाळद्रोणीखालील तळखडकाचा नकाशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळखडक म्हणजे नेमके काय, आणि त्याची खोली कोणाला हवी असते?

गाळाची द्रोणी म्हणजे भूकवचाचा असा भाग, जो लक्षावधी वर्षे खचत राहिला आणि खचता खचताच वाळू, चिखल, चुना यांच्या थरांनी भरत गेला. वरून पाहावे तर सपाट मैदान किंवा उथळ समुद्र. खाली मात्र कुठे काहीशे मीटर, तर कुठे दहा किलोमीटरपर्यंत भराव. या भरावाच्या तळाशी असलेला जुना, स्फटिकमय, बहुधा ग्रॅनाइट किंवा पट्टिताश्म या जातीचा कठीण खडक म्हणजे तळखडक. भूवैज्ञानिकांच्या रोजच्या बोलण्यात तो ‘बेसमेंट’ असतो.

तेल आणि वायू शोधणाऱ्याला भरावाची जाडी हवी असते, कारण सेंद्रिय द्रव्याचे तेलात रूपांतर व्हायला पुरेशी खोली आणि उष्णता मिळाली का, हे त्यावरून ठरते. भूजलाचा अभ्यास करणाऱ्याला पाणी धरून ठेवणाऱ्या थरांचा तळ हवा असतो. भूकंपाचा धोका मोजणाऱ्याला द्रोणीचा आकारच हवा असतो. लॉस एंजेलिससारखे शहर काही किलोमीटर जाडीच्या गाळावर वसलेले आहे, आणि अशा भरावात भूकंपलहरी अडकून पडल्यामुळे जमीन अधिक जोराने आणि अधिक काळ हादरते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. गुरुत्वमापनाला, म्हणजे ठिकठिकाणी पृथ्वीची ओढ मोजण्याच्या पद्धतीला, खडकाचे वय कळत नाही, जातही कळत नाही; त्याला फक्त घनता कळते. म्हणून या पद्धतीच्या लेखी तळखडक म्हणजे असे पृष्ठ, ज्याच्या खाली घनतेचा फरक संपतो. द्रोणीच्या तळाशी २.७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर घनतेचा घट्ट, जुना चुनखडक असेल, तर तो गाळाचा खडक असूनही गुरुत्वाच्या हिशेबात तळखडकातच जमा होतो. विहीर खणल्यावर ‘तळखडक अंदाजापेक्षा खाली लागला’ अशी जी तक्रार येते, तिच्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

जमिनीवर घेतलेल्या मापावरून काही किलोमीटर खालचा खडक कसा कळतो?

गाळाच्या खडकांत छिद्रे असतात आणि त्यांत पाणी असते, त्यामुळे ते हलके असतात: साधारण १.८ ते २.६ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. ग्रॅनाइट सुमारे २.६५, पट्टिताश्म २.७ ते २.८ आणि बेसॉल्ट २.९ च्या आसपास. जिथे भराव जाड, तिथे खालच्या जड खडकाची जागा हलक्या गाळाने घेतलेली असते; म्हणजे तेवढे वस्तुमान तिथे कमी पडते आणि पृथ्वीची ओढही किंचित कमी होते. द्रोणीवरून आडवे चालत गेल्यास गुरुत्वाची रेघ कडेला वर आणि मधोमध खाली अशी दिसते.

ही घट ‘किंचित’ म्हणजे किती? गुरुत्वत्वरण सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. ते मोजण्याचे रूढ एकक मिलीगॅल हे आहे. गॅलिलिओच्या नावावरून ‘गॅल’, आणि त्याचा हजारावा भाग मिलीगॅल. या एककात पृथ्वीची एकूण ओढ सुमारे ९,८०,००० मिलीगॅल भरते, तर द्रोणीमुळे येणारी घट सर्वसाधारणपणे १० ते ६० मिलीगॅल असते. ३० मिलीगॅलची घट असलेल्या जागी ६० किलो वजनाच्या माणसाचे वजन स्प्रिंगच्या काट्यावर जेमतेम दोन ग्रॅमने कमी भरेल.

इतका बारीक फरक कोणत्या उपकरणाने मोजतात?

ग्रॅव्हिमीटरने, म्हणजे गुरुत्वमापीने. मूळ कल्पना अगदी साधी आहे: स्प्रिंगला एक लहानसे वस्तुमान टांगायचे आणि ओढ बदलली की स्प्रिंग किती ताणली जाते ते पाहायचे. अडचण आकड्यांत आहे. ०.०१ मिलीगॅल ओळखायचे म्हणजे दहा कोटींत एक भाग ओळखायचा. १९३० च्या दशकात लुसियन लाकॉस्ट यांनी ‘शून्य-लांबी’ स्प्रिंग वापरून ही अडचण सोडवली. तिची मांडणी अशी असते की गुरुत्वातील अतिसूक्ष्म बदलानेही तराजूची दांडी मोठ्या प्रमाणात हलते. आजची क्षेत्रकार्यातील उपकरणे क्वार्ट्झची स्प्रिंग, तापमान स्थिर ठेवणारी पेटी आणि इलेक्ट्रॉनिक वाचन यांच्या जोरावर ०.०१ मिलीगॅलपेक्षाही चांगले काम करतात.

ही उपकरणे सापेक्ष असतात. ती ‘येथे गुरुत्व इतके’ असे सांगत नाहीत, तर ‘तिथल्यापेक्षा येथे इतके कमी’ असे सांगतात. म्हणून प्रत्येक पाहणी ज्ञात मूल्याच्या एखाद्या तळस्थानाशी बांधावी लागते. निरपेक्ष मूल्य हवे असल्यास निर्वात नळीत आरसा खाली सोडून त्याचे पतन लेझरने मोजणारी उपकरणे आहेत. ती महाग आणि अवजड असतात, आणि द्रोणीच्या नकाशासाठी त्यांची गरज फक्त तळस्थान पक्के करण्यापुरती पडते.

एका ठिकाणी माप घेताना प्रत्यक्षात काय करतात?

तिपाई घट्ट जमिनीवर रोवली जाते. उपकरण तिच्यावर बसवून तीन स्क्रूंनी समपातळीत आणले जाते. येथे घाई केली की माप चुकलेच, कारण उपकरण कललेले असेल तर ते ओढीचा पूर्ण घटक मोजतच नाही. मग थोडे थांबायचे. गाडीतून हिसके खात आलेली स्प्रिंग लगेच स्थिर होत नाही आणि पहिली दोन-तीन वाचने सहसा एकाच दिशेने सरकत जातात. उपकरण मिनिटभर सरासरी घेत असताना मोजणाऱ्याने पाय हलवायचे नसतात. वाऱ्याने हेलकावणाऱ्या झाडाची मुळे जमीन हलवतात, दूरवरून गेलेला ट्रक वाचनांमधली तफावत वाढवतो, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा भूकंप झाला असेल तर त्या दिवशी काही तास काम बंद ठेवणेच शहाणपणाचे ठरते. वाचन जमले की वेळ, उपकरणाची उंची आणि स्थानाचा क्रमांक वहीत लिहायचा. उपकरणाने सगळे आपोआप साठवले तरी वहीत लिहायचे. संध्याकाळी ‘हे स्थान पुलाच्या कठड्यावर होते की खाली’ असा प्रश्न पडतो, तेव्हा उत्तर वहीतच सापडते.

दर काही तासांनी तळस्थानावर परत येऊन पुन्हा वाचन घेतात. स्प्रिंग दिवसभरात हळूहळू सैलावते. हा सरकाव दोन वाचनांच्या फरकातून काढून मधल्या स्थानांवर वेळेच्या प्रमाणात वाटला जातो. चंद्र-सूर्याच्या ओढीने गुरुत्व दिवसभरात ०.२ ते ०.३ मिलीगॅलपर्यंत वर-खाली होते. ते मात्र सूत्राने नेमके काढता येते.

कच्च्या मापांवर इतके संस्कार का करावे लागतात?

कारण कच्च्या मापात द्रोणीचा वाटा सर्वांत लहान असतो. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत गुरुत्व सुमारे ५,२०० मिलीगॅलने वाढते. मधल्या अक्षांशांवर उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे एक किलोमीटर सरकले तरी सुमारे ०.८ मिलीगॅलचा फरक पडतो. उंचीचा परिणाम याहून थेट आहे: पृथ्वीच्या केंद्रापासून दूर गेल्यामुळे दर मीटरला ०.३०८६ मिलीगॅल कमी होतात. पण उंचावर जाताना आपण हवेत तरंगत नसतो, पायाखाली खडक असतो आणि त्याची ओढ मिळते, २.६७ घनता धरल्यास ती दर मीटरला सुमारे ०.११२ मिलीगॅल भरते. दोन्ही मिळून निव्वळ हिशेब दर मीटरला सुमारे ०.१९७ मिलीगॅलचा. त्यानंतर आसपासच्या डोंगर-दऱ्यांची दुरुस्ती येते. डोंगर उपकरणाला वर ओढतो, दरी खालची ओढ कमी करते, त्यामुळे दोन्ही बाबतींत दुरुस्ती मिळवावीच लागते; हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण आकृती काढून पाहिली की पटते.

या सगळ्या संस्कारांनंतर जे उरते त्याला बूगे विसंगती म्हणतात. प्येर बूगे हे १७३५ साली पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी आजच्या इक्वाडोरमध्ये गेलेल्या फ्रेंच मोहिमेत होते. पर्वताची ओढ अपेक्षेपेक्षा कमी भरते, हे त्यांना तिथेच जाणवले होते.

उंची किती अचूक लागते? साध्या जीपीएसवर भागणार नाही का?

०.१ मिलीगॅलची अचूकता हवी असेल, तर उंची अर्ध्या मीटरपर्यंत बरोबर हवी. साध्या हातातल्या जीपीएसची उंची कित्येक मीटरने चुकू शकते, म्हणजे चूक एक-दोन मिलीगॅलवर जाते. म्हणून दुहेरी वारंवारतेचे, तळस्थानाशी जोडलेले जीपीएस किंवा पारंपरिक तलमापन वापरतात.

अचूकतेपेक्षाही घातक चूक वेगळीच आहे. जीपीएस जी उंची देते ती पृथ्वीच्या आकाराला बसवलेल्या गणिती लंबवर्तुळापासूनची असते. नकाशावरील उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची असते. या दोहोंमधला फरक काही प्रदेशांत ६० मीटरसुद्धा असतो. समजा, एका भागाची जुनी स्थाने समुद्रसपाटीवरून आणि शेजारच्या भागाची नवी स्थाने लंबवर्तुळावरून मोजली, आणि दोन्ही याद्या तशाच जोडल्या. ६० गुणिले ०.१९७, म्हणजे जवळजवळ १२ मिलीगॅलची पायरी नकाशाच्या मधोमध उभी राहते. ती सरळ रेषेत असते, ठळक असते आणि विभंगासारखी, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेसारखी, दिसते. पुढे तिच्यावर भूवैज्ञानिक कथाही रचली जाते. विभंग नेमका दोन पाहण्यांच्या सीमेवर सापडला, तर आधी उंचीचा रकाना तपासावा.

बूगे विसंगती मिळाली की थेट खोली काढता येते का?

नाही. बूगे विसंगतीत द्रोणीखेरीज भूकवचाच्या तळाची, म्हणजे प्रावरणाच्या माथ्याची चढ-उतारही मिसळलेली असते. १८५५ साली जॉन प्रॅट आणि जॉर्ज एअरी यांनी हाच विषय वेगळ्या वाटेने मांडला. हिमालयाच्या दृश्य वस्तुमानावरून ओळंबा जेवढा ढळायला हवा, त्याच्या साधारण एक तृतीयांशच तो ढळतो, असे सर्वेक्षणात आढळले होते. त्यावर एअरी यांचे स्पष्टीकरण असे की उंच पर्वताखाली हलक्या कवचाचे मूळ खोलवर गेलेले असते. कवच जड प्रावरणावर तरंगते, या विचाराला समस्थायित्व म्हणतात.

द्रोणीसाठी याचा अर्थ असा की ताणामुळे पातळ झालेल्या कवचाखाली जड प्रावरण वर आलेले असते आणि ते गुरुत्व वाढवते, तर वरचा गाळ ते घटवतो. दोन्ही परिणाम एकमेकांना अंशतः खोडतात. काही मोठ्या द्रोणींवर विसंगतीची घट आश्चर्य वाटावे इतकी कमी दिसते, ती यामुळे.

या मिश्रणातून खोलवरचा, रुंद, संथ भाग वेगळा काढून उरलेला स्थानिक भाग वापरायचा असतो. पहिल्याला प्रादेशिक आणि दुसऱ्याला अवशिष्ट विसंगती म्हणतात. यासाठी कोणी बहुपदी पृष्ठ बसवते, कोणी तरंगलांबीनुसार गाळणी लावते, कोणी भूकंपलहरींवरून मिळालेल्या कवचाच्या जाडीतून प्रावरणाचा वाटा मोजून वजा करते. माझ्या मते सर्वांत प्रामाणिक मार्ग हा: द्रोणीबाहेर जिथे तळखडक उघडा पडला आहे, तिथे गाळाचा परिणाम जवळजवळ शून्य असायला हवा, तिथली मूल्ये घ्यावीत आणि त्यांतूनच प्रादेशिक पृष्ठ ओढावे. त्यासाठी पाहणी द्रोणीच्या कडेला थांबवून चालत नाही. ती बाहेर तळखडकावर बरीच पुढे न्यावी लागते. खर्च वाचवण्याच्या नादात पहिली कात्री नेमकी याच स्थानांवर चालते, आणि पुढे सगळा नकाशा अधांतरी राहतो.

अवशिष्ट विसंगतीवरून खोलीचा पहिला अंदाज कसा बांधतात?

द्रोणी खोलीच्या मानाने पुष्कळ रुंद असेल, तर तिच्या मध्यभागी भराव म्हणजे अनंत पसरलेली लादी असे धरता येते. एक किलोमीटर जाडीच्या लादीचे गुरुत्व म्हणजे ४१.९३ गुणिले घनतेचा फरक, इतके मिलीगॅल. मध्यभागी ३० मिलीगॅलची घट आणि गाळ तळखडकापेक्षा ०.४ ने हलका, असे असल्यास एका किलोमीटरमागे १६.८ मिलीगॅल मिळतात, म्हणून जाडी सुमारे १.८ किलोमीटर.

आता हाच आकडा घनतेचा फरक ०.३ धरून काढला, तर जाडी सुमारे २.४ किलोमीटर येते, ०.५ धरला, तर सुमारे १.४ किलोमीटर. गुरुत्वाचे माप तेच, स्थाने तीच, उपकरण तेच. घनतेचा अंदाज तेवढा इकडून तिकडे झाला आणि खोली एक किलोमीटरने हलली. या पद्धतीविषयी एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ती ही असावी. गुरुत्वमापी वस्तुमानाची तूट मोजतो; खोली आपण घनतेच्या बळावर काढतो. पैसा मर्यादित असेल, तर आणखी शंभर स्थाने घेण्यापेक्षा घनतेची खात्रीशीर मापे मिळवण्यावर तो खर्च करावा, असे मी नि:संकोच म्हणेन.

मग घनता आणायची कुठून?

सर्वांत चांगली घनता विहिरीतून मिळते. गॅमा किरणांवर चालणारे घनता-लॉग खोलीनुसार घनतेची अखंड रेघ देतात. विहीर नसेल, तर भूकंपलहरींच्या वेगावरून अंदाज करतात. १९७४ साली मांडलेल्या गार्डनर संबंधानुसार मीटर प्रति सेकंदातील वेगाचे चतुर्थमूळ काढून त्याला ०.३१ ने गुणले की घनता मिळते. ४,००० मीटर प्रति सेकंद वेगाला सुमारे २.४७. हा सरासरी संबंध आहे. मीठ आणि अॅनहायड्राइट त्यात बसत नाहीत.

उघड्या खडकांचे नमुने आणून तोलणेही उपयोगी असते, पण त्यात एक फसगत दडलेली आहे. ३० टक्के छिद्रे असलेला वालुकाश्म पाण्याने भरलेला असताना २.१५ च्या जवळ भरतो. तोच प्रयोगशाळेत वाळवून तोलला की १.८५ च्या जवळ. तक्त्यात कोरडी घनता आहे की संपृक्त, हे लिहिलेले नसेल, तर तो तक्ता बाजूला ठेवावा. शिवाय पृष्ठभागावरचा नमुना हवामानाने झिजलेला असतो, त्यामुळे तो खालच्या ताज्या खडकाचे प्रतिनिधित्व करतोच असे नाही.

टेकड्यांच्या प्रदेशात नेटलटन यांची युक्ती कामी येते. निरनिराळ्या घनता धरून एकाच टेकडीवरची बूगे रेघ काढायची. ज्या घनतेला रेघ टेकडीच्या आकाराची नक्कल करत नाही आणि उलटी नक्कलही करत नाही, ती टेकडीची खरी घनता. ही घनता मात्र वरच्या थरांची असते, खोल भरावाची नव्हे.

घनता खोलीनुसार बदलते, याचा निकालावर काय परिणाम होतो?

फार मोठा, आणि बहुतेक चुकांचे मूळ येथेच असते. वरचा गाळ सैल असतो. खाली जाताना वरच्या भाराने छिद्रे मिटतात, खनिजे जखडतात आणि गाळाची घनता तळखडकाच्या जवळ येते. हा बदल घातांकी, द्विघाती किंवा अपास्तीय सूत्राने मांडतात. सूत्र कोणते, हा वाद गौण आहे. बदल धरला की नाही, हे मोठे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पृष्ठभागावर फरक ०.६ आहे आणि दर २ किलोमीटरला तो घातांकी रीतीने सुमारे ३७ टक्क्यांवर उतरतो, असे समजू. रुंद द्रोणीच्या मध्यभागी घट अशी येते: भराव २ किलोमीटर असल्यास ३२ मिलीगॅल, ४ असल्यास ४३.५, ६ असल्यास ४८, ८ असल्यास ४९.५ च्या जवळ. भराव कितीही वाढवला, तरी घट ५०.३ च्या पुढे जातच नाही. म्हणजे पहिल्या २ किलोमीटरने ३२ मिलीगॅल दिले आणि सहाव्यापासून आठव्या किलोमीटरपर्यंतच्या भरावाने दीडच. प्रादेशिक विसंगती ठरवण्यातली अनिश्चितता सहज ५ मिलीगॅल असते. ती या दीड मिलीगॅलला गिळून टाकते. अशा द्रोणीत ‘तळखडक ७.२ किलोमीटरवर’ असे कोणी दशांशासह सांगत असेल, तर तो आकडा गुरुत्वातून आलेला नाही, गृहीतकातून आलेला आहे.

उलट चूकही तितकीच सर्रास होते. घनतेचा फरक सर्व खोलीला सारखा, मोठा धरला, की खोल भाग उथळ दिसतो आणि द्रोणीचा तळ बशीसारखा चपटा येतो.

कडेचे विभंग गुरुत्वात ओळखू येतात का?

येतात, आणि या कामात गुरुत्वमापन खरोखर चांगले आहे. उभ्या कडेवर गुरुत्वाचा उतार सर्वांत तीव्र असतो, म्हणून क्षितिजसमांतर उताराचा नकाशा काढला की कडा त्याच्या कण्यावर येतात. उतार किती पसरट आहे, यावरून खोली कळते: विभंगाने तुटलेल्या पातळ थराच्या बाबतीत एकूण बदलाच्या पाव आणि पाऊण मूल्यांमधले आडवे अंतर हे थराच्या खोलीच्या दुप्पट असते. विभंग तिरपा असेल, तर उताराचा कणा त्याच्या झुकावाच्या बाजूला सरकतो, हे विसरू नये.

एकाच विसंगतीला अनेक उत्तरे असतात, असे म्हणतात. मग या पद्धतीवर विश्वास का ठेवावा?

आक्षेप खरा आहे आणि तो उपकरण सुधारून मिटणारा नाही. जमिनीवर मोजलेले एकच गुरुत्वक्षेत्र खोलवरच्या आटोपशीर पिंडानेही तयार होते आणि उथळ, पसरट पिंडानेही. हे गणितानेच ठरलेले आहे. मात्र सवलत एकाच दिशेने असते. अरुंद, टोकदार विसंगती खोलवरच्या पिंडातून कधीच येत नाही, म्हणून खोलीला वरची मर्यादा नक्की घालता येते. घनतेचा नियम ठरवला, कडेला तळखडक उघडा आहे हे मान्य केले आणि एखाद्या विहिरीने एका ठिकाणची खोली बांधून दिली, की शक्यतांचा पसारा पुष्कळ आवरतो. गुरुत्वाचा सर्वांत मोठा उपयोग मला नकार देण्यात दिसतो: भूकंपलहरींच्या छेदावर, म्हणजे कृत्रिम लहरींच्या परावर्तनातून मिळालेल्या खालच्या थरांच्या चित्रावर, कोणी दोन वेगवेगळ्या रेषांना तळखडक म्हणत असेल, तर दोन्हींचे गुरुत्व काढावे; एक रेष सहसा १०-१५ मिलीगॅलने चुकते आणि वाद संपतो.

गुरुत्वाची घट दिसली म्हणजे खाली द्रोणी आहेच का?

नाही. जड रूपांतरित खडकांत घुसलेला ग्रॅनाइटचा मोठा पिंडही घट देतो, आणि त्याच्यावर गाळाचा कणही नसू शकतो. भूवैज्ञानिक नकाशा समोर न ठेवता विसंगतीचा अर्थ लावणाऱ्यांची फजिती येथेच होते.

उलट प्रकारही आहे. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीची एक खचदरी गाडली गेली आहे. ती जड बेसॉल्टने भरल्यामुळे तिच्यावर गुरुत्वाची घट नव्हे, तर ठळक वाढ दिसते, आणि दोन्ही बाजूंना गाळाच्या द्रोणींची घट. मीठही असेच फसवे. त्याची घनता सुमारे २.१५ असते आणि दाबाने ती फारशी वाढत नाही. त्यामुळे उथळ, सैल गाळात मीठ जड ठरते आणि खोल, घट्ट गाळात हलके. १९२४ साली टेक्सासमधील नॅश येथील मिठाचा घुमट हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ एटवश यांच्या पिळाच्या तराजूने (बारीक तारेला पडणाऱ्या पिळावरून गुरुत्वातील फरक मोजणाऱ्या उपकरणाने) सापडला, तो भूभौतिक तेलशोधाच्या पहिल्या यशांपैकी एक मानला जातो.

संगणकावर तळखडकाचे पृष्ठ कसे तयार होते?

सर्वांत समजायला सोपी रीत मार्टिन बॉट यांनी १९६० साली मांडली. द्रोणीखालचा भाग उभ्या खांबांत विभागायचा. प्रत्येक खांबाची खोली लादीच्या सूत्राने धरायची, सगळ्या खांबांचे एकत्रित गुरुत्व काढायचे, मोजलेल्या मूल्याशी तुलना करायची आणि जो फरक उरेल त्याच्या प्रमाणात त्या-त्या खांबाची खोली वाढवायची किंवा कमी करायची. काही आवर्तनांत जुळणी बसते. छेदाच्या स्वरूपात काम असेल, तर तळवानी आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली दिलेली बहुभुजाची रीत अजूनही चालते. मोठ्या क्षेत्रासाठी पार्कर यांचे १९७३ चे फूरिये सूत्र आणि ओल्डेनबर्ग यांनी १९७४ साली केलेली त्याची उलटी मांडणी वेगवान ठरते, मात्र तिच्यात बारीक तरंगलांब्या फुगतात, म्हणून गाळणी लावावीच लागते.

एक इशारा: जुळणी फार सुंदर झाली, अवशेष, म्हणजे न जुळलेला फरक, ०.०१ मिलीगॅलवर आला, तर समाधान मानू नये. मापांतच ०.१ ची चूक असताना त्याहून बारीक जुळवलेला तळखडक म्हणजे चुकीला दिलेला आकार असतो. खोल भागात तो सुळक्या-खड्ड्यांच्या रूपाने उघड दिसतो.

स्थाने किती अंतरावर घ्यावीत?

शोधायच्या खोलीपेक्षा अंतर जास्त नसावे आणि शक्यतो तिच्या निम्मे असावे. तीन किलोमीटर खोल द्रोणीच्या मध्यभागी दीड किलोमीटरचे अंतर पुरते. कडेला, जिथे तळखडक वर येतो, तिथे ते काहीशे मीटरवर आणावे लागते. सारख्या अंतराचे जाळे कागदावर नीटनेटके दिसते, पण मधोमध मापे वाया घालवते आणि कडेला उपाशी ठेवते.

पावसाळ्यात भूजल वाढल्याने मापे बिघडतात का?

द्रोणीच्या नकाशापुरते नाही. २० टक्के छिद्रे असलेल्या थरात पाण्याची पातळी एक मीटर चढली, तर गुरुत्व ०.०१ मिलीगॅलपेक्षाही कमी वाढते.

उपग्रहांची गुरुत्वमाहिती फुकट मिळते, मग जमिनीवर फिरायचे कशासाठी?

२००९ ते २०१३ या काळात फिरलेल्या गोचे उपग्रहाने जगभराचे उत्तम क्षेत्र दिले, पण सुमारे १०० किलोमीटरपेक्षा लहान आकार त्यात दिसत नाहीत. प्रादेशिक विसंगती बांधायला ते अमोल आहे. वीस किलोमीटर रुंदीच्या द्रोणीचा तळ त्यातून काढता येत नाही. समुद्रावर मात्र उपग्रहांनी मोजलेल्या जलपृष्ठाच्या उंचीवरून बरेच बारीक क्षेत्र मिळते.

विमानातून केलेले मापन या दोहोंच्या मधले: काही किलोमीटरच्या तरंगलांबीवर सुमारे एक मिलीगॅलची अचूकता. विमान पूर्वेकडे उडाले की पृथ्वीच्या फिरण्यात त्याची गती मिसळते आणि गुरुत्व कमी भासते; हा एटवश परिणाम शेकडो मिलीगॅलचा असतो आणि विमानाच्या गतीवरून तो काढून टाकावा लागतो. लोरांड एटवश यांचे नाव या विषयात दोन-तीनदा येते, ते उगाच नाही: १९०१ च्या हिवाळ्यात त्यांनी बालाटन तलावाच्या गोठलेल्या बर्फावर पिळाचा तराजू मांडून गुरुत्वाचा उतार मोजला होता. बर्फाचे पृष्ठ सपाट, त्यामुळे आसपासच्या चढ-उताराचा त्रास सर्वांत कमी.

अंतिम नकाशासोबत काय मागून घ्यावे?

खोलीच्या रेषांचा रंगीत नकाशा कोणीही देतो. त्याच्यासोबत स्थानांची ठिकाणे त्याच नकाशावर ठिपक्यांनी दाखवलेली असावीत, म्हणजे कोणत्या रेषा मापांवर उभ्या आहेत आणि कोणत्या संगणकाने मधल्या रिकाम्या जागेत ओढल्या आहेत, ते दिसते. वजा केलेली प्रादेशिक विसंगती स्वतंत्र पानावर हवी. घनतेचा नियम आणि तो कोणत्या विहिरीवरून घेतला, हे लिहिलेले हवे. आणि घनतेचा फरक १० टक्क्यांनी कमी-जास्त धरून काढलेले आणखी दोन नकाशे हवेत. तिन्ही नकाशे शेजारी ठेवल्यावर जी कड, जो उंचवटा, जो खोलगट भाग जागचा हलत नाही, त्यावर विहिरीची जागा ठरवावी. जो एका नकाशात दिसतो आणि दुसऱ्यात पुसला जातो, तिथे आधी भूकंपलहरींची एक रेषा मारून घ्यावी.